वहीतले सहा मिस्टर

सोमवार, ६ मे १९३५. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून उजवा बूट पुसत होतो. डावा आधीच झाला होता. ही वही शनिवारी दहा सेंटला घेतली आणि ठरवले की नोकरी लागेल त्या दिवशी उघडायची. आज उघडली.

नोकरी अशी: टॅलोवा काउंटीच्या ज्यूरी समितीचा मदतनीस कारकून. माझी शाळा सातवीत सुटली, वडील गेले म्हणून. पण सिनसिनाटीहून टपालाने येणारा हिशेबनिशीचा अभ्यासक्रम मी पुरा केला आहे. चौदा धडे, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही असे तिथल्या मास्तरांनी लिहून पाठवले होते. ते पत्र मी जपून ठेवले आहे. नववा धडा मला सर्वांत आवडतो: मजकूर पान संपण्याआधी संपला, तर खालच्या रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारावी, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडता येत नाही.

व्हर्बेना आत्या दारातून म्हणाली, "एल्बर्ट, पुरे आता. कातडं जाईल बुटाचं. आणि तिथे बघणार कोण? पाय टेबलाखालीच असतात कारकुनाचे."

आत्या पाच भाडेकरू ठेवते. सहावा मी, फुकटा. हे शब्द तिचेच.

त्याच दिवशी, संध्याकाळी सव्वासहा.

पहिला दिवस नीट गेला. शाईचा एकही डाग नाही.

ज्यूरीची वही म्हणजे ज्यांना ज्यूरीत बसायला बोलावता येते अशा पुरुषांची वही. १९३१ साली ती नव्याने लिहिली गेली. १,१४८ नावे, सगळी पेटस या जुन्या कारकुनांच्या हातची. सव्वीस वर्षे काम करून ते नाताळात वारले. काय अक्षर होते त्यांचे. पहिल्या रकान्यात प्रत्येक नावामागे 'मिस्टर', दुसऱ्यात धंदा, तिसऱ्यात वस्ती. एकच दोष: पानांच्या तळाशी दोनतीन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत आणि त्यांवर रेघ नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण रेघ नाही.

समितीचे अध्यक्ष हॅथकॉक साहेब. रविवारच्या बायबलशाळेत मला दहा आज्ञा त्यांनीच पाठ करून घेतल्या होत्या. नववी, खोटी साक्ष देऊ नये ही, विसरलो की नुसते बघत राहायचे, ओरडायचे नाहीत. त्यांना चष्मा आहे, पण तो खिशात असतो, डोळ्यांवर कोणी पाहिलेला नाही. कागद हातभर लांब धरतात आणि मान मागे घेतात.

आज त्यांनी मला पेटस यांची एक ओळ उतरवून काढायला सांगितली. मी काढली. त्यांनी दोन्ही कागद लांब धरून पाहिले.

"यातली तुझी कुठली रे?"

"उजवीकडची, साहेब. पेटस आणि मी एकाच कित्त्यावरून शिकलो."

"देवानंच पाठवलं बघ तुला," ते म्हणाले. असे कोणी मला आधी कधी म्हणाले नव्हते.

गुरुवार, १६ मे. संध्याकाळ.

बर्मिंगहॅमहून रॉथमन नावाचे वकील आले आहेत. लूशस बीमचे वकीलपत्र त्यांनी घेतले. लूशस फेब्रुवारीपासून तुरुंगात आहे. तोंडाला रुमाल बांधून दुकान लुटले, असा आरोप. एकोणीस डॉलर आणि डुकराची एक खारवलेली मांडी. लुटीला आमच्याकडे विजेच्या खुर्चीची शिक्षा आहे.

दुकानदार म्हणतो, दरोडेखोर सहा फुटी काळा माणूस होता. लूशस पाच फूट चार इंच आहे. हे मला नक्की माहीत आहे, कारण एके काळी आम्ही दोघे आत्याच्या कोठीच्या दारावर खुणा करून उंची मोजायचो. ओढ्यात झिंगे पकडायला रोज बरोबर जायचो. मग केव्हातरी बंद झाले. तो मला 'मिस्टर एल्बर्ट' म्हणायला लागला आणि मी त्याला लूशसच म्हणत राहिलो. ते कोणत्या दिवशी झाले ती तारीख माझ्याकडे नाही. तेव्हा मी दैनंदिनी ठेवत नव्हतो.

"भीतीनं माणूस मोठा दिसतो," आत्या बटाटे सोलताना म्हणाली. "पण आठ इंच जरा जास्तच झाले."

रॉथमन वकिलांचे म्हणणे असे आहे की आमच्या काउंटीत काळ्या माणसांना ज्यूरीत कधी घेतच नाहीत, म्हणून लूशसवरचा आरोपच रद्द व्हावा. वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टाने एप्रिलमध्ये असाच निकाल दिला म्हणतात. त्यांनी अर्ज केला आहे की ज्यूरीची वही कोर्टात आणून दाखवा.

मला हे विचित्र वाटले. वही माझ्यासमोर दहा दिवस आहे. मी तिच्यातल्या प्रत्येक नावाचे शुद्धलेखन तपासले. पण कोण काळे, कोण गोरे हे पाहायचे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आज पाहिले. काळे एकही नाही.

गुरुवार, १३ जून. संध्याकाळ.

हॅथकॉक साहेबांनी खोलीचे दार लावले आणि मला खुर्ची दिली.

"पेटसची नजर शेवटी शेवटी गेली होती, तुला माहीत आहे," ते म्हणाले. "वही लिहिताना सहा नावं त्याच्याकडून राहिली. काळी माणसं, पण चांगली माणसं. आपण त्याचं काम पुरं करायचं. त्याच्या हातचं वाटलं पाहिजे, नाहीतर वही विद्रूप दिसेल. एका नावाला पाच सेंट."

मी म्हणालो, पैसे नकोत. ते म्हणाले, सरकारी काम आहे, घे.

मनात समाधान वाटले. काउंटी चूक करते, पण दुरुस्तही करते. रॉथमन वकिलांनी उगाच आकांत केला.

साहेबांच्या चिठ्ठीवर सहा नावे आहेत. सहावे असे: 'डेलियाचा नवरा'.

"साहेब, याचं नाव?"

"डेलियाचा नवरा. आमच्याकडे ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करते. रोज संध्याकाळी न्यायला येतो तो."

"हो, पण नाव?"

साहेबांनी छताकडे पाहिले. "तिलाच विचार," म्हणाले.

डेलिया त्यांच्या मागच्या अंगणात कोंबडी सोलत होती. नवऱ्याचे नाव विचारल्यावर तिने सुरी खाली ठेवली. "का? काय केलं त्यानं?" काही नाही म्हटल्यावर हात पुसत म्हणाली, "कॉर्नेलियस हॅग्वुड." मी दोनदा लिहून घेतले.

शुक्रवार, १४ जून. दुपारी साडेतीन.

आत्ताच संपवले. दोन वाजून दहा मिनिटे ते तीन पंचवीस. तीन नंबरचे निब, थोडी पातळ केलेली शाई. सहा पाने, प्रत्येकाच्या तळाशी एक नाव.

एक अडचण आली. साहेबांच्या चिठ्ठीवर नुसती नावे होती, मागे 'मिस्टर' नाही. वहीत मात्र सगळ्यांच्या मागे 'मिस्टर' आहे. विचारायला गेलो तर साहेब मासेमारीला गेलेले. अर्धा तास विचार केला. एका रकान्यात दोन पद्धती असू नयेत (धडा दुसरा). चिठ्ठी ही चिठ्ठी आणि वही ही वही. सहाही ठिकाणी 'मिस्टर' घातले.

शेवटचा 'मिस्टर' इतका सुरेख आला की पेटस स्वतः फसले असते.

सोमवार, १७ जून.

साहेबांना शाई वाळण्याची फार काळजी. ती सहा पाने एकेक दिवस खिडकीतल्या उन्हात उघडी ठेवायला सांगितली आहेत. चांगली शाई चार मिनिटांत वाळते, मी घड्याळ लावून पाहिले आहे. पण मोठ्यांशी वाद घालू नये. साहेबांनी वही लांबून पाहिली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "झकास."

बुधवार, १९ जून. संध्याकाळी सात.

रात्रभर झोप आली नव्हती. नावे लिहिली, पण तपासली कुठे? वस्ती बरोबर आहे का, वय एकवीसच्या वर आहे का? आज जेवणाच्या सुट्टीत गिरणीमागे गेलो. यादीतला पहिला आयसम थ्रेडगिल तिथे शवपेट्या करतो. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा. एका झाकणावर रंधा मारत होता.

"आयसम, तुझ्या आडनावात शेवटी दोन एल ना?"

रंधा थांबला. "दोन. मिस्टर एल्बर्ट, माझं नाव कसं लिहितात हे गोऱ्या माणसानं विचारलं, ही पहिलीच वेळ. घरी सांगून येऊ का, परत यायला उशीर होईल म्हणून?"

"नाही रे, चांगली गोष्ट आहे. तुझं नाव ज्यूरीच्या वहीत आहे."

"कधीपासून?"

"एकतीस सालापासून."

"चार वर्षं." तो झाकणावर बसला. "आणि कोणी बोलावलं नाही. मी घरीच होतो की."

मी पुढचे नाव विचारले, मोझेस गँट.

"मोझेस गेला. एकोणतीस साली. पेटी मीच केली, सायप्रसची."

"म्हणजे एकतीस साली..."

"एकतीस साली त्याला पेटीत दोन वर्षं झाली होती. ज्यूरीत बसायला तो वर येईल असं वाटत नाही मला. जिवंतपणी चर्चच्या बाकावरसुद्धा त्याला बसवत नसे."

"आणि हेझेकाया लंपकिन?"

"शिकागोत. अठ्ठावीसपासून."

"शिकागो काउंटीच्या बाहेर आहे," मी म्हणालो.

"बरंच," आयसम म्हणाला.

मी बोटांवर मोजले. सहातले दोन गेले. आयसमने स्टूल फडक्याने पुसून मला दिले आणि स्वतः उभा राहिला.

"एक सांगा, मी ज्यूरीत आहे तर लूशसच्या खटल्यात बसू शकेन का? माझ्या बहिणीचा मुलगा तो."

मी म्हणालो, नातेवाइकाला बसता येत नाही, नियम आहे.

"हां. नियम आहे." मग म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे म्हणतात तुमचं. माझं नाव कुठल्या दिवशी लिहिलंत?"

"शुक्रवारी, चौदा तारखेला. दोन दहा ते तीन पंचवीसच्या मध्ये. दैनंदिनीत आहे माझ्या."

"दैनंदिनीत आहे," तो हळूच म्हणाला. "पानं फाडून टाकत नाही ना कधी?"

"पान फाडणं चूक आहे. चौथा धडा."

"चांगला धडा आहे," आयसम म्हणाला आणि मला थंड पाणी आणून दिले. माणूस जिज्ञासू आहे. त्याने कोट घातला आणि दुकान भर दुपारी बंद केले, ते का हे मात्र मला कळले नाही. झाकण अर्धेच झाले होते.

गुरुवार, २० जून.

साहेबांना सांगितले की सहातला एक मेलेला आहे आणि एक शिकागोत आहे.

साहेबांचा चेहरा बदलला. "कोणाला विचारलंस?"

"आयसमला."

"आयसमला." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "एल्बर्ट, मेलेला माणूस कधी तक्रार करतो का?"

"नाही, साहेब."

"मग आपण कशाला करायची? यापुढे वहीबद्दल कोणाशी बोलायचं नाही. आत्याशीसुद्धा नाही."

संध्याकाळी आत्याला सगळे सांगितले. मला पोटात ठेवता येत नाही. तिने तव्यावरचा पोळा करपू दिला, हे तिच्याकडून कधी होत नाही.

"मिस्टर घातलंस? सहाही जणांना?"

"एका रकान्यात दोन पद्धती..."

"अरे वेड्या," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खुर्चीवर बसली, मग एकदम थांबली. "क्लॉड हॅथकॉकनं पाहिलं ते?"

"लांबून."

"चष्मा न लावता?"

"न लावता."

"देवा," आत्या म्हणाली. "या गावात पोस्टात कोणी काळ्या माणसाला मिस्टर म्हटलं, तर विटाळ झाला म्हणून पोस्ट ऑफिस धुवून काढतील. आणि तू पेटसच्या हातून म्हणवलंस." मग माझ्याकडे बघून, वेगळ्याच आवाजात, "एल्बर्ट, ही नावं कशासाठी घालायला लावली, ते खरंच कळलं नाही तुला?"

मी म्हणालो, राहिलेली नावे पुरी करण्यासाठी.

तिने करपलेला पोळा कुत्र्याला घातला.

शनिवार, ६ जुलै. सकाळी अकरा.

आता कळले. सोळा दिवस लागले. उशीर झाला, हे कबूल करतो.

साहेबांनी बोलावले. मंगळवारी कोर्टात वही दाखवायची आहे. ते शपथेवर सांगणार की सहाही नावे १९३१ पासून वहीत आहेत, म्हणजे काळ्यांना वगळले असे म्हणता येणार नाही, म्हणजे लूशसचा खटला चालेल, म्हणजे तो खुर्चीवर जाईल. हे ते असे ओळीने बोलले नाहीत. मीच घरी येऊन कागदावर ओळीने मांडले, हिशेबासारखे, आणि तळाशी उत्तर आले.

"तुला विचारलंच," ते म्हणाले, "तर इतकंच सांग, मी मे महिन्यात आलो तेव्हा वही तिजोरीतच होती. हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग झालं. ऑगस्टपासून तुला कायम करतोय."

घरी येऊन बूट पुसले. दोन्ही, दोनदा.

मंगळवार, ९ जुलै. संध्याकाळी पाच.

क्रमाने लिहितो, नाहीतर चुकेन.

कोर्टात उकाडा भयंकर. सगळ्या खिडक्या उघड्या. आत जागा गोऱ्यांनी भरली होती. काळी माणसे बाहेर आवारात, खिडक्यांखाली उभी होती. लूशस हातकडीत बसला होता. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली, ओढ्यावर भेटायचो तेव्हा हलवायचा तशीच. मी बुटांकडे पाहिले.

हॅथकॉक साहेबांनी शपथ घेतली आणि सांगितले, नावे पेटस यांनी १९३१ साली लिहिली.

रॉथमन वकील उठले. बुटका माणूस, आवाज मऊ. वही साहेबांपुढे ठेवली.

"पान एकसष्ट. शेवटच्या दोन ओळी जरा मोठ्यानं वाचता?"

साहेबांनी वही लांब धरली. "उजेड कमी आहे इथे."

जुलैची सकाळ होती. वकिलांनी स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. नाही कसे म्हणणार? गावाने पहिल्यांदाच साहेबांना चष्म्यात पाहिले.

"मिस्टर होमर स्टेग, घोड्यांचा व्यापारी," साहेबांनी वाचले. मग पुढची ओळ. ओठ हलले, आवाज आला नाही. "आयसम थ्रेडगिल, सुतार."

"त्याआधी एक शब्द आहे."

"आयसम थ्रेडगिल."

"साहेब, ओळ पहिल्या शब्दापासून वाचा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शब्द तिथेच होता. चांगला ठळक होता, मीच काढला होता. मला वाटले ते आता वाचतील, त्यात एवढे काय? पण तो शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर येईना. तिसऱ्यांदाही ते म्हणाले, "आयसम थ्रेडगिल." खिडकीबाहेर कोणीतरी खोकले. मग आणखी कोणीतरी. तो खोकला नव्हता.

"बरं, मीच वाचतो," वकील म्हणाले आणि सहाही पाने काढून सहाही नावे वाचली. मिस्टर आयसम थ्रेडगिल. मिस्टर मोझेस गँट. शेवटी मिस्टर कॉर्नेलियस हॅग्वुड. प्रत्येक 'मिस्टर'ला आतले बाक कुरकुरत होते. "हॅथकॉक साहेब, पेटस यांना तुम्ही तीस वर्षं ओळखत होतात. काळ्या माणसाला मिस्टर म्हणताना त्यांना कधी ऐकलंत?"

साहेबांनी रुमाल काढला. "पेटस... मनाचा मोठा होता."

तेवढ्यात पहिल्या बाकावरून पेटसबाई उठल्या. काळी टोपी, हातात पंखा.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या. न्यायाधीशांनी हातोडा आपटला. बाई बसल्या नाहीत. "माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात असलं काही लिहिलं नाही. सव्वीस वर्षं वही सांभाळली त्यांनी, एक काळं नाव आत येऊ दिलं नाही. आणि तू, क्लॉड, दर नाताळात त्याबद्दल त्यांची पाठ थोपटायचास. आमच्याच जेवणाच्या टेबलावर. मेल्यावर त्यांची अब्रू घेतोस?"

रॉथमन वकील अतिशय अदबीने वाकले. "बाईंचं बोलणं शब्दशः लिहून घ्यावं, एवढीच विनंती."

मग मला बोलावले.

पेटसबाई रडत होत्या. कोणत्याही कारणाने असो, मेलेल्या माणसावर माझे अक्षर लादले जात होते, आणि ते मला सहन होईना. हॅथकॉक साहेब माझ्याकडे बघत होते, नववी आज्ञा विसरलो की बघायचे तसे. पण या वेळी ती मला पाठ होती. त्यांनीच करून घेतली होती.

"ही सहा नावं कोणी लिहिली?"

मला धैर्य वगैरे काही आठवत नाही. तारीख आणि वेळ आठवत होती.

"मी. शुक्रवार, १४ जून, दुपारी दोन दहा ते तीन पंचवीस. तीन नंबरचं निब."

"आणि मिस्टर?"

"एका रकान्यात दोन पद्धती असू नयेत, म्हणून."

आता खिडकीबाहेर कोणीच खोकले नाही.

मला वाटले, संपले. खरे सांगितले, वहीत घातलेले खोटे उघड झाले, आता लूशसची हातकडी निघेल. मी हातकडीकडेच बघत होतो. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "नावं वहीत आहेत की नाहीत?"

"आहेत, पण..."

"आहेत. मग त्यांना वगळलं असं हे कोर्ट मानत नाही. अर्ज नामंजूर. खटला परवा."

पायऱ्यांवर हॅथकॉक साहेबांनी मला तिजोरीची किल्ली मागितली. मी दिली. पोचपावती मागितली, ती त्यांनी दिली नाही.

गुरुवार, ११ जुलै.

बारा गोरे पुरुष. सदतीस मिनिटे. मृत्युदंड.

दुकानदार पुन्हा सहा फूट म्हणाला. लूशसला उभे केले तेव्हा तो वकिलांएवढाच दिसला, आणि वकील बुटके आहेत. सगळ्यांनी पाहिले. मला वाटायचे की लोकांनी पाहिले की पुरे असते.

शुक्रवार, १२ जुलै. सकाळी दहा.

दोन भाडेकरू खोली सोडून गेले. "बिस्किटं वाचली," आत्या म्हणाली. पेटसबाईंनी मात्र पीच घालून भट्टीत भाजलेली गोड पाय पाठवली, माझ्या नवऱ्याची अब्रू राखलीस म्हणून. ती खावी की नाही यावर आत्या आणि मी बराच विचार केला. खाल्ली.

रॉथमन वकील आठ वाजता आले. वरच्या कोर्टात अपील गेले आहे, तोवर शिक्षा थांबली. मी म्हणालो, माझ्या साक्षीचा काहीच उपयोग झाला नाही.

"इथे होणारच नव्हता," ते म्हणाले. "इथे जे बोललं जातं ते मी दूरच्या लोकांना वाचायला लिहून घेतो. बाई बोलल्या, तू बोललास, ते आता कागदावर आहे. इथल्यांना ती पानं पुसता येणार नाहीत. तुझी ही वही मला दे. आयसम म्हणाला, तू पानं फाडत नाहीस."

म्हणजे तो जिज्ञासू वगैरे नव्हता. मला हसू आले, आणि मग आले नाही.

ते अकराला, गाडीला जाताना, परत येऊन वही नेणार आहेत. म्हणून नऊ वाजता गिरणीमागे जाऊन आलो. सहा नावांचे तीस सेंट परत करायला काल कचेरीत गेलो होतो. हॅथकॉक साहेबांनी दार उघडले नाही. म्हणून ते पैसे आयसमपुढे ठेवले.

"मिस्टर थ्रेडगिल," मी म्हणालो, "हे तुम्ही घ्या."

त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हळू. तुम्हाला सवय नाही, मलाही नाही." नाणी बोटाने माझ्याकडे सरकवली. "माझं नाव लिहिल्याचे पैसे मी कशाला घेऊ? ठेवा. आणि लूशसला भेटायला जाणार असाल तर आज जा. उद्या माँटगोमरीला हलवताहेत."

"तो मला भेटेल?"

"विचारून बघा. झिंग्यांची गोष्ट तो अजून सांगतो."

वकील गेले की तुरुंगावर जाईन. तो मला आज काय म्हणून हाक मारतो, ते तारखेसह लिहायला मात्र ही वही नसेल. नवी घ्यावी लागेल.

६ मे ते १२ जुलै, हिशेब:

ही वही, १० सेंट.
निबे दोन, ४ सेंट. एक कचेरीत राहिले.
लूशससाठी नेण्याकरता तंबाखूची पुडी, १० सेंट.
नवी वही, १० सेंट, अजून घेतली नाही.
एकूण खर्च, नवी वही धरून: ३४ सेंट.

देणे: सहा नावांचे ३० सेंट. कोणाला, ते ठरलेले नाही. फेडलेले नाही. खालच्या जागेवर रेघ मारली आहे.